कोब्याच्या कडा आणि काँक्रीटचे सांधे



खानापूर तालुक्यातील एका खेड्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी बेकरीचा धंदा आहे. गेल्या वर्षी जुन्या भट्टीखोलीला लागून पीठ मळण्यासाठी आणि पाव भरण्यासाठी त्यांनी नवी खोली बांधली व तिला काँक्रीटची जमीन केली. आता त्या जमिनीवर इपॉक्सीचा थर द्यावा असे घरात ठरत आहे. नाताळाच्या आधी पावाची व केकची मागणी वाढते, तेव्हा त्यापूर्वीच काम उरकावे असा मुलांचा आग्रह आहे. पण शेजारच्या गावी दूध गोळा करण्याच्या खोलीत असाच थर दिला होता, तो दोन पावसाळ्यांतच भिंतीच्या कडेने सुटला आणि सांध्यांवरून त्याच्या लांबच लांब पट्ट्या निघाल्या. "मधोमध तो अजून आरशासारखा आहे, मग कडेलाच असे का व्हावे? आम्ही कर्ज काढून हे काम करणार आहोत, म्हणून विचारते," असे त्या लिहितात.

प्रश्न विचारण्याची पद्धतच इतकी नेमकी आहे की, अर्धे उत्तर त्यातच आले आहे. तोच माल, तीच माणसे, तोच दिवस. थर मध्ये टिकला आणि कडेला सुटला. तेव्हा दोष मालात शोधण्यापेक्षा जमिनीच्या तयारीत शोधावा. तयारी मध्ये झाली होती आणि कडेला झाली नव्हती. कोणाच्याही घरी वा कारखान्यात असा थर पाहावयास गेलात, तर खोलीच्या मध्यभागी उभे राहून चकाकीचे कौतुक करू नका. भिंतीलगत, उंबरठ्याशी आणि मोरीच्या जाळीभोवती वाकून पाहा. काम करणाराची पारख तेथे होते.

इपॉक्सी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. हा वाळून घट्ट होणारा साधा रंग नाही. एक राळ आणि एक हार्डनर असे दोन पदार्थ एकत्र केले की, त्यांच्यात रासायनिक क्रिया होऊन ते कायमचे कठीण होतात. स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीने १९४६ साली बाजारात आणलेले अ‍ॅराल्डाइट याच जातीचे. दोन नळ्यांतील पदार्थ कालवून आपण फुटलेली बशी सांधतो, ते हेच. बशी पुन्हा पडली तर ती बहुधा सांध्याशेजारी फुटते, सांधा तसाच राहतो. जमिनीवरही हाच प्रकार घडतो. इपॉक्सीची पकड काँक्रीटच्या स्वतःच्या ताकदीपेक्षा अधिक असते. म्हणून थर सुटला, की सुटलेला पोपडा उचलून उलटा करून पाहावा. पोपड्याच्या पाठीला सिमेंटचा करडा पापुद्रा चिकटून आला असेल, तर इपॉक्सीने आपले काम केले, जमिनीची वरची कातडीच कमकुवत होती. पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, तर खाली तेल, धूळ किंवा न घासलेला चकचकीत भाग होता. पाठ ओली असेल, किंवा खाली पांढरी भुकटी दिसत असेल, तर ओल वर आली. शेजारच्या गावचा एखादा पोपडा आणून आमच्या भगिनींनी तो असा वाचून पाहावा; ठेकेदाराच्या शब्दापेक्षा तो अधिक खरे सांगेल.

कडेची जमीन मधल्या जमिनीहून वाईट का असते, याला कारणे आहेत. गवंडी खोलीच्या मध्ये ऐसपैस बसून रंधा फिरवितो. कोपऱ्यात त्याचा हात अडतो. तेथे माल नीट दबत नाही, मग वरून पाण्याचा शिंतोडा आणि कोरडे सिमेंट भुरभुरून थापीने घोटाई केली जाते. दिसावयास ती जागा सर्वांत गुळगुळीत दिसते. प्रत्यक्षात दुधावर साय यावी तशी ती सिमेंटची साय असते, आणि तिच्याखाली माल भुसभुशीत असू शकतो. पुढे भिंतीचा गिलावा होतो, त्याचे ओघळ कडेला पडून सुकतात. मग रंगारी येतो, त्याच्या चुन्याचे व रंगाचे थेंब तेथेच पडतात. धंदा सुरू झाला की झाडणारा कचरा कडेला लोटतो, आणि धुणाऱ्याचे पाणीही कडेलाच थांबते. बेकरीत त्याच पाण्याबरोबर तूप-तेल आणि पीठ जाऊन बसते. एवढ्यावर भागत नाही. जमीन घासण्याचे मोठे यंत्र गोल चाकांचे असते. ते भिंतीला टेकले तरी चार बोटे ते वीतभर पट्टी घासल्यावाचून राहते. जिथे घासण्याची गरज सर्वांत अधिक, तिथेच यंत्र पोहोचत नाही. दूध गोळा करण्याच्या त्या खोलीत बहुधा हीच पट्टी तशीच ठेवून वरून थर फिरविला गेला असावा.

परंतु घासण्याच्या आधी ओलीचा विचार केला पाहिजे, आणि आमच्या पश्चिमेकडील मुलखात तो सर्वांत मोठा विचार आहे. गोव्यात, कोकणात आणि खानापूरच्या बाजूला भिंती पुष्कळदा जांभ्या चिऱ्याच्या असतात. चिरा सच्छिद्र असतो. जोत्याजवळ साचलेले पाणी तो दिव्याच्या वातीने तेल ओढावे तसे वर ओढतो. म्हणून खोलीची मधली जमीन कोरडी ठणठणीत असताना भिंतीलगतची हातभर जमीन ओली असू शकते. इपॉक्सीच्या थरातून ती वाफ बाहेर पडत नाही, ती खालून थराला उचलते.

ओल पाहण्याची रीत सोपी आहे. जाड प्लॅस्टिकच्या कागदाचा दीड फूट लांब आणि दीड फूट रुंद तुकडा जमिनीवर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद करावा आणि निदान १६ तास तसाच ठेवावा. काढल्यावर आतून पाण्याचे थेंब दिसले किंवा खालचे काँक्रीट गडद झाले, तर त्या जागी थर देऊ नये. ही परीक्षा बहुतेक ठेकेदार खोलीच्या मधोमध एकदा करतात. ती भिंतीलगत करावी, बाहेरच्या बाजूच्या भिंतीशी तर अवश्य करावी, आणि एक तुकडा सांध्यावर चिकटवावा, कारण सांधा म्हणजे खालच्या मातीकडे उघडणारी खिडकीच होय. शिवाय ही परीक्षा एप्रिल महिन्यात करून समाधान मानू नये. उन्हाळ्यात कोणतीही जमीन कोरडी दिसते. आमच्या भगिनींनी ती ऐन श्रावणात एकदा आणि पुन्हा माघात एकदा करावी. नवे काँक्रीट निदान २८ दिवसांचे झाल्याशिवाय थर देऊ नये असे म्हणतात ते खरे. पण ज्या जमिनीखाली ओतताना प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला नाही, तिला खालून सतत ओल मिळते, आणि मग २८ दिवसांचा हिशेब पुरत नाही.

ओल सापडली तर घाबरण्याचे कारण नाही, पण पैसे कोठे खर्च करावयाचे ते बदलते. पागोळीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडत असेल तर पन्हळ बसवावी. बाहेरची जमीन आतल्यापेक्षा उंच झाली असेल तर खणून उतार द्यावा. ओलीवरही चिकटणारे प्राइमर आता मिळतात, आणि ते निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु पाण्याचा मार्ग उघडा ठेवून वरून औषध लावणे मला तरी पटत नाही.

आता घासणे. प्रथम तेल-तुपाचे डाग साबणाच्या गरम पाण्याने आणि ताठ ब्रशाने धुऊन काढावेत व जमीन पूर्ण वाळू द्यावी. तेलकट जमीन तशीच घासली तर चाक ते तेल सगळीकडे पसरविते. मग नाणे किंवा लोखंडी सळई घेऊन कडेकडेने ठोकत जावे. जेथे भरीव आवाज येतो तेथे ठीक. जेथे मडक्यासारखा पोकळ आवाज येतो, तेथील माल खालून सुटलेला आहे. तो भाग छिन्नीने काढून टाकून चौकोनी करावा आणि इपॉक्सीच्या मालाने, म्हणजे राळेत कोरडी स्वच्छ वाळू कालवून, भरून घ्यावा. मोठ्या यंत्राने मधला भाग घासून झाल्यावर कडेची पट्टी हातातील ग्राइंडरला हिऱ्याच्या कणांचे वाटीसारखे चाक लावून घासावी. कोपऱ्याच्या टोकाला तेही पोहोचत नाही, तेथे छिन्नी आणि घासणीच हवी. गुळगुळीत साय जाऊन आतील वाळूचे कण दिसू लागले आणि हाताला पॉलिश पेपरासारखे लागले, की पुरे. भिंतीचा खालचा वीतभर भागही त्याच वेळी रंग काढून खरखरीत करावा. त्याचे कारण पुढे येईल. शेवटी पाण्याचे थेंब टाकून पाहावे. थेंब जमिनीत मुरला तर जागा तयार आहे. अळवाच्या पानावर राहावा तसा गोल उभा राहिला, तर तेथे अजून तेल किंवा जुना लेप आहे.

या कामातील एक गोष्ट थरापेक्षा महत्त्वाची आहे, म्हणून येथे थांबतो. काँक्रीट घासताना उडणाऱ्या धुळीत वाळूतील सिलिका असते. ती इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसत नाही, आणि फुप्फुसात गेलेली परत येत नाही. तिने होणारा सिलिकोसिस हा रोग बरा करणारे औषध नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने जे रोग सरकारला कळविणे बंधनकारक केले, त्यांत तो होता. मोठ्या यंत्राला धूळ ओढणारी नळी असते. पण कडेचे काम करणारा मुलगा गुडघ्यांवर बसून, तोंड भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवून, उघड्या ग्राइंडरने घासत असतो, आणि तोंडाला रुमाल बांधलेला असतो. रुमालाने ही धूळ अडत नाही. ग्राइंडरवर झाकण आणि त्याला जोडलेले व्हॅक्यूम यंत्र असावे, आणि तोंडाला निदान एन-९५ जातीचा नीट बसणारा मास्क असावा. ठेकेदार हे आणणार नसेल तर घरमालकाने मागावे. खोलीत त्या वेळी लहान मुले नसावीत हे सांगावयास नकोच.

कडा घासण्याचा त्रास वाचावा म्हणून काही जण तेथे तेजाब ओततात. हा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाकारावा. तेजाबाने तेल जात नाही, साय असमान खाल्ली जाते, आणि ते धुण्यासाठी ओतलेले पाणी नेमके सांध्यांत व भिंतीच्या फटीत जाऊन बसते. त्याचे क्षार तेथे राहतात आणि पुढे थराखाली ओल धरून ठेवतात.

थर कोठे संपतो, हा कडेचाच दुसरा प्रश्न. दारात, मोरीच्या जाळीभोवती आणि भट्टीसमोर थराला उघडी कड असते. ती पुसट करीत शून्यावर आणली, तर त्या कागदासारख्या कडेवर गाडीचे चाक रोज आपटते, पाणी खाली शिरते आणि तेथून थर सोलत जातो. त्यासाठी जेथे थर संपवावयाचा तेथे करवतीच्या चाकाने सुमारे ६ मिलिमीटर रुंद आणि तितकीच खोल सरळ खाच पाडावी, आणि थर त्या खाचेत उतरवून तिथे संपवावा. जमिनीत मूळ धरल्यासारखा तो बसतो. मोरीच्या जाळीभोवती तर ही खाच चुकवूच नये. भट्टीबाबत मात्र वेगळे सांगावयाचे आहे. साधी इपॉक्सी ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडू लागते. भट्टीच्या तोंडासमोर, जेथे निखारे पडतात आणि तापलेले पत्रे टेकवितात, तेथे हा थर देऊच नये. तेवढी जागा दगडी फरशीची ठेवावी, आणि तिच्या अलीकडे खाच पाडून थर थांबवावा.

भिंत आणि जमीन जेथे भेटतात त्या कोनात पीठ बसते, आणि पिठामागून झुरळे व किडे येतात; झाडूने तो कोन कधीच स्वच्छ होत नाही. म्हणून अन्नाच्या खोलीत तेथे इपॉक्सी व वाळूच्या मालाची गोलाई देऊन थर वीतभर भिंतीवर चढवितात. भिंतीचा पायथा खरखरीत करावयास सांगितला तो यासाठी. गोलाई देण्यापूर्वी जागेवर प्राइमरचा हात द्यावा आणि तो चिकट असतानाच माल दाबून बसवावा. मात्र भिंत आणि जमीन यांच्यामध्ये फट असेल आणि ती ऋतूप्रमाणे कमीजास्त होत असेल, तर कडक गोलाई तेथे तडकणारच. अशा जागी फट रबरासारख्या लवचिक सीलंटने भरावी आणि गोलाईचा मोह सोडावा.

ही फटीची गोष्ट आपल्याला सांध्यांकडे नेते. काँक्रीट सुकताना आकसते. साधारणपणे मीटरमागे अर्धा मिलिमीटर. आकसताना ते कोठे तरी तडकणारच, तेव्हा ते सरळ रेषेत तडकावे म्हणून ओतल्यावर लवकरच, बहुधा एका दिवसाच्या आत, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकी चीर पाडून ठेवतात. १०० मिलिमीटर जाडीच्या जमिनीत ही चीर २५ मिलिमीटर खोल असते, आणि अशा चिरा अडीच-तीन मीटरवर असाव्या लागतात. हा आकसण्याचा सांधा. पहिल्या दिवशी काम थांबवून दुसऱ्या दिवशी पुढे ओतले, की मध्ये दुसऱ्या जातीचा सांधा होतो, तो थांब्याचा. आणि जमीन भिंतीपासून, खांबापासून किंवा जुन्या बांधकामापासून मुद्दाम सुटी ठेवली असेल, तर तो सुटा सांधा. जुन्या खोल्यांतील कोब्यात हे सर्व आणखी वेगळे दिसते. तेथे मीटर-दीड मीटरचे चौकोन पाडून मध्ये काचेच्या पट्ट्या उभ्या केलेल्या असतात. पट्टीशेजारी चौकोनाची कड पुष्कळदा किंचित उचललेली आणि खालून पोकळ झालेली आढळते. तेथेही ठोकून पाहण्याची तीच परीक्षा. काच वर आली असेल तर ती आणि कडेचा पोकळ माल काढून टाकावा. वरून घासून तिला झाकू नये.

सांध्यांबद्दल ध्यानात धरावयाचे ते एवढेच की, काही सांधे हलून झाले आहेत आणि काही हलत राहणार आहेत. हलून झालेला सांधा भरता येतो. हलणारा सांधा कडक थराखाली झाकला, तर तो थराला घेऊनच फाटतो. दूध गोळा करण्याच्या त्या खोलीतील लांब पट्ट्या अशाच निघाल्या असल्या पाहिजेत.

कोणता सांधा वा तडा हलतो आहे, हे जुने गवंडी ज्या रीतीने पाहतात ती आजही उत्तम आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ चकती दोन्ही टोकांना घट्ट चिकटवून ठेवावी आणि वर तारीख लिहावी. काही आठवड्यांनी काच तडकली असेल तर भेग हलते आहे. ही चकती एका पावसाळ्याच्या आरपार ठेवली तर अधिक विश्वासाचे उत्तर मिळते. आमच्या भगिनींच्या घरी जुनी भट्टीखोली आणि नवी खोली जेथे मिळतात, त्या दारातील सांध्यावर अशी चकती अवश्य लावावी. जुनी इमारत आपल्या जागी बसून गेलेली, नवी अजून बसते आहे. त्या दोघींमधील रेषा मी हलणारी धरून चालेन, काच तडको वा न तडको.

आता भरण्याची रीत. प्रथम सांधा रिकामा करावयाचा. जुने डांबर, पीठ, मेण, कोणी भरलेला रंग, सर्व काढून टाकावे. हिऱ्याच्या पातळ चाकाने दोन्ही बाजूंना ताजे काँक्रीट दिसेपर्यंत चीर पुन्हा फिरवून घ्यावी आणि आतली धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. फुंकून किंवा झाडून ती दुसऱ्या सांध्यात जाते. डांबराचा अंश राहिला तर ते वरच्या थरात पाझरते. नळकाम करणारे वापरतात ते सिलिकोन कोठे लागले असेल, तर त्याचा कण न् कण काढावा, कारण सिलिकोनवर इपॉक्सी काय, दुसरे काहीच धरत नाही. सांध्याच्या धारा चाकांखाली फुटलेल्या असतील, आणि पावाच्या ढकलगाड्यांच्या लहान कठीण चाकांनी त्या फार फुटतात, तर फुटका भाग चौकोनी कापून इपॉक्सीच्या मालाने नवी धार तयार करावी.

आकसण्याचा सांधा भरावयाची घाई करू नये. जमीन जितकी जुनी, तितका तो स्थिर. तो अर्धवट कडक, म्हणजे नखाने दाबला तर किंचित दबणाऱ्या अशा इपॉक्सी किंवा पॉलियुरियाच्या भरणाने, चिरेच्या तळापासून वरपर्यंत भरावा. काही जण माल वाचविण्यासाठी तळाशी फोमची दोरी कोंबतात. ज्या सांध्यावरून चाके जातात तेथे असे करू नये, कारण भरणाला खालून आधार राहत नाही आणि धारा पुन्हा फुटतात. भरण किंचित फुगीर ठेवून, घट्ट झाल्यावर जमिनीच्या पातळीला तासून घ्यावे. यावरून थर सलग न्यावा की नाही, याबद्दल कारागिरांत दोन मते आहेत. सलग नेला तर पुढे केसासारखी रेघ उमटण्याचा संभव राहतो. बैठकीच्या खोलीत ती चालेल. बेकरीत, जेथे रोज पाणी पडते, तेथे थर घट्ट झाल्यावर सांध्यावर पुन्हा चीर पाडून भरून घेणेच मी पसंत करीन.

सुट्या सांध्याची रीत उलट आहे. तेथे कडक काहीही भरावयाचे नाही. सांध्याच्या रुंदीपेक्षा सुमारे चौथाईने जाड अशी, बॅकर रॉड म्हणून मिळणारी फोमची दोरी आत दाबावी. म्हणजे १२ मिलिमीटरच्या सांध्याला १५ मिलिमीटरची. तिच्यावर पॉलियुरेथेनचा लवचिक सीलंट रुंदीच्या साधारण निम्म्या खोलीचा भरावा. दोरीमुळे सीलंट तळाला चिकटत नाही, फक्त दोन्ही बाजूंना चिकटतो, आणि म्हणून रबरासारखा ताणला जाऊ शकतो. तिन्हीकडे चिकटला तर तो फाटतो.

ठेकेदाराशी बोलताना एक गोष्ट करावी. बहुतेक भाव चौरस फुटावर दिलेला असतो, आणि कडा व सांधे त्या फुटात विरघळून जातात. कडा, गोलाई, खाच आणि सांधे यांचा भाव रनिंग फुटावर वेगळा लिहून मागावा. काम वेगळे लिहिले, की ते वेगळे मोजले जाते आणि विसरले जात नाही. हे लिहून देण्यास जो तयार नाही, त्याला कर्जाचा पैसा देऊ नये. आणि एवढा सर्व खर्च झेपत नसेल, तर नीट केलेला, चांगला पाणी मारून पक्का केलेला साधा कोबाही बेकरीत चालतो. अर्धवट तयारीवर दिलेल्या इपॉक्सीपेक्षा तो पुष्कळ बरा.

उरला काळाचा प्रश्न. नाताळापूर्वी हे काम करू नये, असे मी त्यांच्या मुलांना सांगेन. पावसाळ्याची ओल ऑक्टोबरात जमिनीत मुरलेलीच असते. यंदाचा पावसाळा चकत्यांवर आणि प्लॅस्टिकच्या कागदावर लक्ष ठेवण्यात घालवावा, नाताळाचा हंगाम आहे त्या जमिनीवर करावा, आणि जानेवारीनंतर पहिला पाऊस येण्याच्या पुष्कळ आधी काम काढावे. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसा थंड जमिनीलाही न दिसणारा घाम येतो. त्यासाठी जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी अधिक असावे लागते. पहाटे म्हणून काम सुरू करू नये. सकाळी ऊन चढत असतानाही नको, कारण तापत जाणाऱ्या काँक्रीटमधील हवा बाहेर पडते आणि थरात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. दुपार कलल्यावर, जमीन निवू लागली की आरंभ करावा. प्रथम ब्रशाने भिंतीची कड, गोलाई, खाचा आणि भरलेले सांधे यांना एक हात द्यावा, मग रोलर मध्ये फिरवावा. हातांत नायट्राइलचे मोजे असावेत. हार्डनर कातडीला लागला तर साबण-पाण्याने धुवावा, थिनरने नव्हे.

एका दिवसाने त्यावर चालता येते. पाण्याने धुणे आणि गाड्या फिरविणे मात्र ७ दिवसांनी. त्या सात दिवसांनंतर सुट्या सांध्यांवरून थर चुकून सलग गेला असेल तेथे तो करवतीच्या चाकाने सरळ रेषेत कापून काढावा आणि सांधा लवचिक सीलंटने भरून द्यावा. जुन्या आणि नव्या खोलीमधील दारात हे काम स्वतः उभे राहून करून घ्यावे.